फॉर्मच्या रकान्यातली आगंतुक स्पेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉर्मच्या रकान्यात नको तिथे स्पेस, टॅब किंवा रिकामी ओळ येते, ही तक्रार ऐकायला किरकोळ वाटते. पण तिच्यापायी लॉगिन अडतं, शोधात नाव सापडत नाही आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. उत्तरं मुख्यतः वेब डेव्हलपरसाठी लिहिली आहेत. नुसता फॉर्म भरणाऱ्यालाही अधूनमधून काही हाती लागेल.

स्पेस दिसते आहे. सुरुवात कुठून करू?

ट्रिम, म्हणजे मजकुराच्या दोन्ही टोकांची स्पेस काढणारं फंक्शन, लिहिण्यापासून करू नका. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि खरं कारण झाकलं जातं. आधी ती स्पेस कुठे राहते ते शोधा. जागा तीनच असतात: पानाच्या एचटीएमएलमध्ये, डेटाबेसमधून आलेल्या व्हॅल्यूमध्ये, किंवा कुठेच नाही, म्हणजे ती फक्त सीएसएसने (पानाच्या दिसण्याच्या नियमांनी) कडेला सोडलेली मोकळी जागा, पॅडिंग, असते.

पहिली चाचणी दहा सेकंदांची आहे. रकान्यात क्लिक करा आणि सगळं सिलेक्ट करा. रिकाम्या जागेवरही निळा पट्टा चढला तर तिथे खरोखर अक्षर आहे. पट्टा मजकुरापाशीच थांबला तर डेटा स्वच्छ आहे, सीएसएस बघा.

अक्षर आहे असं ठरलं की पानाचा सोर्स उघडा. इन्स्पेक्टर (पानाची चालू रचना दाखवणारं ब्राउझरमधलं साधन) नको, सोर्सच हवा. सर्व्हरने काय पाठवलं ते सोर्समध्ये दिसतं. इन्स्पेक्टरमध्ये ब्राउझरने आणि स्क्रिप्टने त्याचं पुढे काय केलं ते दिसतं. सोर्समध्येच स्पेस असेल तर चूक सर्व्हरकडे किंवा टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ज्या साच्यात डेटा भरून पान तयार होतं त्यात. सोर्स स्वच्छ आणि इन्स्पेक्टरमध्ये स्पेस, तर स्क्रिप्टकडे संशयाने बघा.

मग ब्राउझरच्या कन्सोलमध्ये व्हॅल्यूची लेंग्थ, म्हणजे अक्षरसंख्या, छापा. देवनागरीत इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ‘रमा’ ही आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं, पण लेंग्थ ३ येते, कारण काना वेगळा मोजला जातो. तेव्हा ३ बघून दचकू नका. ४ आली तर दचका.

शेवटी ते अक्षर कोणतं हे बघायचं. जेसनच्या स्ट्रिंगिफायने एंटर आणि टॅब उघडे पडतात, पण नॉन-ब्रेकिंग स्पेस (जिथे ओळ तुटत नाही अशी स्पेस) साध्या स्पेससारखीच दिसत राहते. त्यापेक्षा व्हॅल्यू यूआरआय एन्कोड करून छापा. साधी स्पेस %२० अशी येते, आणि दुसरं काहीही आलं तर ती साधी स्पेस नाही. किंवा एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला आकडा) छापून घ्या. मी तेच करतो. क्रमांक हातात आल्यावर अंदाज बांधत बसावं लागत नाही.

मोठा रकाना रिकामा असायला हवा. पण क्लिक केलं की कर्सर मध्येच उभा राहतो. असं का?

हा टेक्स्टएरियाचा, म्हणजे अनेक ओळींच्या रकान्याचा, सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात जास्त भेटणारा घोळ. एक ओळीच्या इनपुटची व्हॅल्यू अवतरणचिन्हांत असते. टेक्स्टएरियाचं तसं नाही. तिथे उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या टॅगच्या मधे जे जे असेल ते सगळं व्हॅल्यू. कोड नीट दिसावा म्हणून आपण उघडणारा टॅग एका ओळीवर, व्हॅल्यू पुढच्या ओळीवर आठ स्पेस आत आणि बंद होणारा टॅग त्याच्या खाली लिहितो. डेटाबेसमधलं मूल्य रिकामं असलं तरी ते इंडेंट (ओळीआधीच्या स्पेस) आणि एंटर मजकूर म्हणून रकान्यात जाऊन बसतात.

एचटीएमएलमध्ये इतरत्र दहा स्पेस दिल्या तरी पडद्यावर एकच दिसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. टेक्स्टएरिया ही सवलत देत नाही, एकूण एक स्पेस दाखवतो.

उपाय एका ओळीचा, अक्षरशः: उघडणारा टॅग, व्हॅल्यू आणि बंद होणारा टॅग एकाच ओळीत, एकमेकांना चिकटवून लिहायचे. ओळ लांबलचक होते, वाईट दिसते, चालवून घ्यायचं. आणि शेजारी एक कॉमेंट टाकून ठेवायची, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी ‘कोड साफ केला’ म्हणून ती ओळ पुन्हा तोडतो. मी स्वतः माझीच ओळ अशी तोडलेली आहे.

रिअॅक्टसारख्या लायब्ररीत टेक्स्टएरियाला व्हॅल्यू गुणधर्म म्हणून देतात, त्यामुळे तिथे हा घोळ सहसा होत नाही. तिथे तो दिसला तर स्पेस डेटाबरोबरच आली आहे असं समजा.

प्लेसहोल्डर दिसतच नाही.

वरचंच कारण. प्लेसहोल्डर, म्हणजे रकान्यातली फिकट सूचना, फक्त पूर्ण रिकाम्या रकान्यात दिसतो, आणि एक स्पेस असली तरी ब्राउझरच्या लेखी रकाना भरलेला असतो.

रकाना सक्तीचा केला आहे, तरी नुसत्या स्पेस दाबून फॉर्म पुढे जातो. ब्राउझर अडवत का नाही?

ब्राउझरची ‘सक्तीचा’ची व्याख्या अगदी शब्दशः आहे: व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग नसली की झालं. तीन स्पेस म्हणजे तीन अक्षरं. किमान लांबीची अटसुद्धा स्पेस मोजूनच पूर्ण होते.

साध्या इनपुटवर पॅटर्न (मजकूर कसा असावा याचा नियम) लावून ‘निदान एक तरी स्पेस नसलेलं अक्षर हवं’ असं सांगता येतं. टेक्स्टएरियाला पॅटर्न हा गुणधर्मच नाही. तिथे लिहिलात तर ब्राउझर मुकाट्याने दुर्लक्ष करतो. त्याच्यासाठी स्क्रिप्टमधून ट्रिम केलेली व्हॅल्यू तपासून स्वतःचा त्रुटीसंदेश लावावा लागतो. दोन्हीकडे खरा पहारा सर्व्हरवरच बसवायचा. ब्राउझरमधली तपासणी प्रामाणिक माणसाच्या सोयीसाठी असते. तिला बगल देऊन कोणीही थेट विनंती पाठवू शकतो.

दर वेळी सेव्ह केलं की मजकूर थोडा उजवीकडे सरकतो. पाचव्यांदा तर अर्ध्या रकान्यापर्यंत गेला होता.

टेम्प्लेट प्रत्येक ओळीला इंडेंट लावतं आहे. तो इंडेंट रकान्यात येतो, सबमिटबरोबर डेटाबेसमध्ये जातो, पुढच्या वेळी बाहेर येताना त्याच्यावर आणखी एक थर चढतो. चक्रवाढ व्याजच. इंडेंटवर चालणाऱ्या टेम्प्लेट भाषांमध्ये, उदाहरणार्थ हॅमलमध्ये, हे पूर्वीपासून माहीत असलेलं दुखणं आहे. म्हणून त्यांच्याकडे ‘इथला मजकूर जसाच्या तसा ठेव’ असं सांगायची वेगळी सोय असते. ती वापरा.

लक्षण ओळखायची खूण अशी: पहिली ओळ जागेवर आणि दुसरीपासून पुढच्या सरकलेल्या, तर इंडेंट लावणाऱ्या टेम्प्लेटचा दोष. फक्त पहिलीच ओळ सरकलेली असेल तर टॅग आणि व्हॅल्यूमधे कोणीतरी स्पेस सोडली आहे.

टेम्प्लेट दुरुस्त केल्यावर आधी साठलेले थर आपोआप उतरत नाहीत, तो डेटा वेगळा धुवावा लागतो. त्याबद्दल शेवटी.

माझं उलटं आहे. वापरणाऱ्याने सुरुवातीला मुद्दाम एक रिकामी ओळ सोडली होती, ती गायब झाली.

टेक्स्टएरियाच्या उघडणाऱ्या टॅगला लागून आलेलं पहिलं एंटर ब्राउझर टाकून देतो. एकच, त्यापुढचं नाही. नियमच तसा आहे. त्यामुळे व्हॅल्यू एंटरनेच सुरू होत असेल तर ते पहिलं एंटर बळी जातं. तोड अशी की टॅगनंतर टेम्प्लेटने नेहमी स्वतःचं एक एंटर द्यायचं. ब्राउझर ते खातो आणि वापरणाऱ्याचं वाचतं. रेल्स आणि जॅंगो ही वेब फ्रेमवर्क्स हे आपणहून करतात.

ट्रिम लावलं तरी स्पेस जात नाही!

कारण ती तुमच्या ट्रिमच्या व्याख्येतली स्पेस नाही. युनिकोडमध्ये ‘व्हाइटस्पेस’ हा गुण असलेली २५ अक्षरं आहेत. शिवाय काही अक्षरं अशी की त्यांना रुंदीच नाही, ती दिसत नाहीत, पण त्या २५ मध्ये मोडतही नाहीत. गोंधळ घालतात ती मुख्यतः ही दुसरी मंडळी.

साध्या स्पेसचा क्रमांक ३२. तिची जुळी दिसणारी नॉन-ब्रेकिंग स्पेस १६०. शून्य रुंदीची स्पेस ८२०३. अक्षरं जुळू न देणारा शून्य रुंदीचा नॉन-जॉइनर ८२०४ आणि ती जुळवणारा जॉइनर ८२०५. फाइलच्या सुरुवातीला बसणारी बाइट-ऑर्डर खूण ६५२७९. डावीकडून उजवीकडे लिहिण्याची अदृश्य खूण ८२०६. तपासताना हे सात आकडे कागदावर लिहून समोर ठेवा, दहापैकी नऊ वेळा चोर त्यातलाच निघतो.

आता ट्रिम म्हणजे काय, यावर प्रोग्रामिंग भाषांचं एकमत नाही. जावास्क्रिप्टचं ट्रिम १६० काढतं, ६५२७९ सुद्धा काढतं, पण ८२०३ ला हात लावत नाही. पायथनचं स्ट्रिप १६० काढतं, पण ६५२७९ आणि ८२०३ दोन्ही ठेवतं. पीएचपीचं साधं ट्रिम फक्त सहा गोष्टी ओळखतं: स्पेस, टॅब, लाइन फीड, कॅरेज रिटर्न (या दोन ओळ संपवणाऱ्या खुणा), व्हर्टिकल टॅब आणि शून्य बाइट. १६० त्याच्या गावीही नसते. त्यासाठी २०२४ मध्ये आलेल्या पीएचपी ८.४ मध्ये एमबी-ट्रिम हे नवं फंक्शन मिळालं. जावामध्ये ११ व्या आवृत्तीपासून स्ट्रिप आहे, ते युनिकोड जाणतं म्हणून लोक निश्चिंत असतात. पण नॉन-ब्रेकिंग स्पेस तेही सोडून देतं, कारण जावाच्या व्याख्येत ती व्हाइटस्पेस नाही.

म्हणून ‘ब्राउझरमध्ये ट्रिम केलं होतं, सर्व्हरवर पुन्हा आलं कुठून’ किंवा याच्या उलट, अशा तक्रारी येतात. दोन्ही बाजूंच्या भाषा वेगळ्या असतील तर दोन्हींची व्याख्या एकदा शेजारी ठेवून बघा.

ही अक्षरं मुळात येतात कुठून? कीबोर्डवर तर ती नाहीत.

बहुतेक वेळा कॉपी-पेस्टमधून. वेबपानावर मजकूर तुटू नये म्हणून घातलेली १६० पेस्टबरोबर येते. वर्ड प्रोसेसरमधूनही तीच येते. पीडीएफमधून प्रत्येक ओळीच्या शेवटचं एंटर आणि कधी न दिसणारा सॉफ्ट हायफन, क्रमांक १७३. स्प्रेडशीटमधला एक सेल कॉपी केला तर शेवटी एक एंटर चिकटून येतं, शेजारशेजारचे दोन केले तर मधे टॅब. विंडोजवर शब्दावर डबल-क्लिक केलं की कित्येक ब्राउझर शब्दानंतरची स्पेससुद्धा निवडतात; कूपन कोड किंवा युजरनेम उचलताना हाच प्रकार होतो.

मोबाइलवर कीबोर्डने सुचवलेला शब्द टिचकी मारून घेतला की तो पुढे एक स्पेस टाकून देतो. नाव लिहिणाऱ्याला ती कळतही नाही. शेवटच्या स्पेसच्या तक्रारी मोबाइलवरून जास्त येतात त्या यामुळे.

आणखी एक उगम आपण स्वतःच तयार करतो. रिच टेक्स्ट एडिटरमध्ये लागोपाठ दोन स्पेस दाबल्या की ब्राउझर त्यातल्या एकीची १६० करतो, नाहीतर पडद्यावर दोन्ही दिसणार नाहीत. तो मजकूर पुढे साध्या रकान्यात गेला की १६० ही गेली.

एकदा आमच्याकडे एका बाईंचं लॉगिन होत नव्हतं. युजरनेम बरोबर, पासवर्ड दोनदा बदलून दिलेला. मी माझ्या मशिनवर तेच टाइप करून बघत होतो आणि मला आत जाता येत होतं. त्यांचं ईमेल उघडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला: आमच्याच स्वागतपत्रात युजरनेम ठळक अक्षरांत होतं आणि टेम्प्लेट लिहिणाऱ्याने त्याच्या दोन्ही बाजूंना १६० घातली होती, ओळ सुबक दिसावी म्हणून. त्या कॉपी करत होत्या, मी टाइप करत होतो. तेव्हापासून तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ‘टाइप केलंत की पेस्ट केलंत?’ हाच असतो.

मग न दिसणारी सगळी अक्षरं सरसकट काढून टाकू का?

मराठी मजकूर असेल तर अजिबात नको. जॉइनर आणि नॉन-जॉइनर आपल्या लिपीत कामाचे आहेत. अर्ध्या र चं बघा. तो आज ऱ वापरून लिहितात, पण जुन्या पद्धतीने साधा र, हलन्त आणि ८२०५ असाही लिहिला जातो, आणि कित्येक कीबोर्ड तसाच लिहीत आले आहेत. ‘आचार्‍यांना’ या शब्दातून जॉइनर काढलात की उरतं ‘आचार्यांना’. स्वयंपाक्याचा गुरू झाला! ‘दर्‍या’मधून काढलात की ‘दर्या’, डोंगरातून थेट समुद्रात. फारसीत ८२०४ असाच गरजेचा आहे, आणि कुटुंबाची इमोजी आतून ८२०५ नेच जोडलेली असते. तो काढला की माणसं सुटी होतात.

ओघात आणखी एक: ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ दिसायला एक असले तरी आतून वेगळे असल्याने शोधात जुळत नाहीत, आणि युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत) त्यांना एक करत नाही. शोधासाठी ते रूपांतर स्वतः लिहावं लागतं: साधा र, हलन्त, जॉइनर दिसले की ऱ आणि हलन्त करायचं. ते शोधाच्या प्रतीत करा, मूळ नोंद तशीच राहू द्या.

८२०३ आणि ६५२७९ मात्र नाव, ईमेल, कोड अशा रकान्यांतून काढायला हरकत नाही. १६० ची साधी स्पेस करा. नुसती काढली तर दोन शब्द चिकटतात.

पीएचपीत १६० काढायला ट्रिमला जादा बाइट दिले, तर काही शब्दांच्या शेवटी चौकटी दिसायला लागल्या.

हा खास आपल्या लिपीला भोवणारा प्रकार आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, नॉन-ब्रेकिंग स्पेस दोन बाइटची: १९४ आणि १६०. लोक हे दोन बाइट ट्रिमच्या यादीत घालतात. पण ते ट्रिम अक्षरं बघत नाही, सुटे बाइट बघतं. आणि ‘ठ’ हे अक्षर साठवलं जातं २२४, १६४, १६० असं. शेवटचा बाइट १६०! म्हणजे ‘वरिष्ठ’, ‘पाठ’, ‘मठ’ असा ठ ने संपणारा प्रत्येक शब्द ट्रिममधून जाताना शेवटचा बाइट गमावतो आणि मागे तुटकं अक्षर उरतं. चाचणीत ‘रमा’, ‘अजय’ अशी नावं टाकून बघितली तर हे कधीच सापडत नाही. बाइटवर चालणारं ट्रिम सोडा, युनिकोड जाणणारं फंक्शन किंवा युनिकोड मोडमधली रेगेक्स (मजकूर शोधायचा नमुना) वापरा.

मोबाइल नंबर पेस्ट केला की शेवटचा अंक गळतो.

रकान्याची कमाल लांबी नेमकी १० ठेवली आहे ना? पेस्ट झालेला मजकूर सुरुवातीच्या स्पेससकट ११ अक्षरांचा. ब्राउझर पहिली १० ठेवतो: एक स्पेस, नऊ अंक. वापरणारा रकाना बघतो, नंबर ओळखीचा वाटतो, पुढे जातो.

कमाल लांबी सैल ठेवा, २० वगैरे. आलेल्या मजकुरातून अंक सोडून बाकी सगळं काढा आणि मग लांबी तपासा. कार्ड क्रमांक, ओटीपी यांनाही हेच लागू. माणसं आकडे गटागटाने लिहितात, त्यांना ‘स्पेस चालणार नाही’ म्हणून दरडावण्यापेक्षा एक ओळ कोड लिहिणं सोपं.

ईमेलच्या रकान्यात स्पेस दिसते, पण स्क्रिप्टमध्ये व्हॅल्यू वाचली तर नाही. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. ईमेल आणि यूआरएल या प्रकारांची व्हॅल्यू देताना ब्राउझर सुरुवातीची आणि शेवटची स्पेस स्वतः काढतो. पडद्यावर मात्र टाइप केलेलं तसंच दिसू शकतं. साधा टेक्स्ट, सर्च, टेलिफोन, पासवर्ड या प्रकारांत तो फक्त एंटर काढतो, स्पेसला हात लावत नाही. हिडन रकान्यात काहीच काढत नाही, आणि टेक्स्टएरियात एंटर हा मजकुराचाच भाग. ईमेलमधली ही साफसफाईसुद्धा साध्या स्पेस-टॅबपुरतीच: १६० राहते आणि पत्ता चुकीचा ठरतो.

पासवर्ड ट्रिम करावा का?

माझं मत: नाही. पासवर्डमध्ये स्पेस असणं वैध आहे, आणि काही जण वाक्यच पासवर्ड म्हणून ठेवतात. लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचं आपोआप ट्रिम करणारं मिडलवेअरही पासवर्डचे रकाने वगळूनच चालतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जे कराल ते सगळीकडे एकसारखं. नोंदणीत ट्रिम नाही आणि लॉगिनमध्ये आहे, अशी सांगड झाली तर शेवटी स्पेस असलेला माणूस कायमचा बाहेर राहतो, आणि ‘पासवर्ड बरोबर आहे हो’ असं तो सांगतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. पासवर्ड दाखवण्याचं डोळ्याचं बटण द्या, आणि पहिलं किंवा शेवटचं अक्षर स्पेस असेल तर एक सूचना दाखवा.

टाइप करतानाच ट्रिम केलं, तर आता दोन शब्दांत स्पेसच देता येत नाही.

साहजिक आहे. ‘सुमन’ लिहून स्पेस दाबली त्या क्षणी ती शेवटची स्पेस असते. तुमचा कोड ती लगेच खातो आणि पुढचा शब्द चिकटतो. शिवाय दर अक्षराला व्हॅल्यू नव्याने बसवली की मधेच दुरुस्ती करणाऱ्याचा कर्सर उडी मारून शेवटी जातो. रकान्यातून बाहेर पडताना किंवा सबमिटच्या वेळी ट्रिम करा.

ब्राउझर म्हणतो ५०० अक्षरं, सर्व्हर म्हणतो जास्त झाली.

ओळी मोजा. टेक्स्टएरियातला एक एंटर ब्राउझर एक अक्षर धरतो, पण सबमिट करताना तो कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी जोडी पाठवतो. २० एंटर म्हणजे सर्व्हरवर २० अक्षरं जास्त. सर्व्हरवर आधी जोडीचं एकच लाइन फीड करा, नंतर मोजा. टेक्स्टएरियाला रॅप ‘हार्ड’ लावलेलं असेल तर ब्राउझर दुमडलेल्या ओळींनाही खरे एंटर घालून पाठवतो. कोणी न दाबलेले एंटर दिसले तर ते एकदा तपासा.

एकच नाव डेटाबेसमध्ये दोनदा कसं? युनिकची (एकच नाव दोनदा येऊ नये अशी) अट आहे.

डेटाबेसच्या लेखी ती दोन नावं आहेत, एकाच्या शेपटीला स्पेस आहे. मायएसक्यूएलच्या जुन्या कोलेशन्समध्ये (मजकुराच्या तुलनेच्या नियमांमध्ये) तुलनेत शेवटच्या स्पेस धरल्या जात नाहीत, ८.० पासूनच्या नव्या मूलभूत कोलेशनमध्ये धरल्या जातात. पोस्टग्रेसच्या टेक्स्ट आणि व्हारकार या मजकुराच्या प्रकारांतही धरल्या जातात. त्यामुळे डेटाबेस बदलला किंवा आवृत्ती वाढवली की वर्षानुवर्षं सुखाने नांदणाऱ्या नोंदी अचानक भांडायला लागतात. एसक्यूएलचं ट्रिम काही न सांगता वापरलं तर फक्त साधी स्पेस काढतं, टॅब आणि एंटर राहतात.

सीएसव्ही आयातीत शेवटच्या स्तंभातच कचरा येत असेल तर तो बहुतेक कॅरेज रिटर्न, क्रमांक १३. फाइल फक्त लाइन फीडवर तोडली की तो मागे राहतो.

स्पेसच्या जागी अधिकचं चिन्ह येतं. कधी टोपी घातलेला रोमन ‘ए’ दिसतो.

दोन वेगळे आजार. फॉर्म नेहमीच्या पद्धतीने पाठवताना ब्राउझर स्पेसचं अधिक चिन्ह करतो. सर्व्हरने तो मजकूर फॉर्मच्या नियमाने न उलगडता यूआरएलच्या मार्गाच्या नियमाने उलगडला की अधिक तसंच राहतं. योग्य डीकोडर वापरा. अधिकाच्या जागी स्पेस घालणारं जुगाड करू नका, त्यात खरी अधिक चिन्हंही मरतात.

टोपीवाला ‘ए’ म्हणजे १६० च्या दोन बाइटपैकी पहिला. यूटीएफ-८ मजकूर कुठेतरी लॅटिन-१ या दुसऱ्या पद्धतीतला समजून वाचला जातो आहे.

रकान्याच्या खाली चार-पाच पिक्सेलची फट आहे.

डेटाचा संबंध नाही. टेक्स्टएरिया ओळीतल्या अक्षरासारखा बेसलाइनवर (अक्षरं टेकतात त्या रेषेवर) बसतो, त्याखाली अक्षरांच्या शेपटीची जागा उरते. व्हर्टिकल अलाइन ‘टॉप’ किंवा डिस्प्ले ‘ब्लॉक’ करा.

आधीच बिघडलेला डेटा कसा धुवायचा?

कोड आधी दुरुस्त करा, नाहीतर एका हाताने धुताय आणि दुसऱ्या हाताने मळवताय. मग बॅकअप, आणि मग नुसतं मोजायचं: किती नोंदींची लांबी ट्रिमपूर्वी आणि ट्रिमनंतर वेगळी आहे. त्यातल्या वीसेक नोंदी डोळ्यांनी बघा, युनिकोड क्रमांकांसकट.

युनिक रकाना असेल तर ट्रिमनंतर कोणत्या नोंदी एकमेकींवर आदळतील याची यादी अपडेट चालवण्याआधीच काढून ठेवा. त्या आपोआप एकत्र करू नका. दोन्हींना जोडलेली खाती, कागदपत्रं, व्यवहार वेगळे असू शकतात, ते कोणीतरी बसून बघावं लागतं. पासवर्डच्या हॅशला (पासवर्डच्या साठवलेल्या सांकेतिक रूपाला) हात लावायचा नाही. पत्ते, कविता, कोडचे तुकडे असे ओळींच्या मांडणीला अर्थ असलेले रकाने वगळा किंवा फक्त शेपटीची स्पेस काढा. अपडेट हजार-हजारच्या तुकड्यांत चालवा आणि प्रत्येक तुकड्याची जुनी व्हॅल्यू वेगळ्या टेबलात ठेवा. मी ते टेबल तीन महिने ठेवतो, कारण ‘माझ्या नावातली स्पेस कुठे गेली’ असं विचारणाराही एखादा भेटतोच.